बुलगार्ड उतरवायचा, पण पुरता: पायरीपायरीने

बुलगार्ड म्हणजे गाडीच्या बंपरपुढे नंतर बसवून घेतलेला लोखंडी पाइपांचा गार्ड. “बुलगार्ड काढून टाकला,” असे सांगणाऱ्याच्या गाडीच्या तोंडाशी मी वाकून पाहतो, तेव्हा पुष्कळदा लोखंड अजून तिथेच असते. पाइप गेलेला असतो, पण त्याला धरणारी दोन जाड ब्रॅकेट बंपरखालून बाहेर डोकावत असतात. कुठे बंपरमागचा फोम परत बसवलेलाच नसतो, कुठे नंबर प्लेट तारेने बांधलेली असते, तर कुठे एलईडी पट्टीच्या कापलेल्या वायरी बॅटरीला तशाच जोडलेल्या असतात. दंड टळावा म्हणून घाईने उतरवलेला गार्ड असा अर्धवटच निघतो. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग होत नाही, कधी कधी तर गाडी आधीपेक्षा वाईट होते.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरून होतात. उभ्या माणसाला गाडी धडकते तेव्हा बंपर आधी गुडघ्याच्या आसपास लागतो, मग बोनेटची कड मांडीला किंवा कमरेला लागते आणि शेवटी डोके बोनेटवर किंवा काचेवर आपटते. हे सगळे सेकंदाच्या आत होते. म्हणून कारखान्यात या प्रत्येक ठिकाणी थोडी चेपायला जागा ठेवतात: पुढे प्लॅस्टिकचे कव्हर, त्यामागे फोम, त्याच्याही मागे लोखंडी बीम. वर पातळ पत्र्याचे बोनेट असते आणि ते व इंजिन यांच्यामध्ये पोकळी असते. संयुक्त राष्ट्रांच्या पादचारी-सुरक्षा नियमानुसार होणाऱ्या चाचणीत पायाचा नमुना ताशी ४० किलोमीटर वेगाने बंपरवर मारतात आणि लहान मुलाच्या डोक्याच्या जागी साडेतीन किलोचा गोळा ताशी ३५ किलोमीटर वेगाने बोनेटवर आपटतात. आपल्याकडचे एआयएस-१०० हे वाहनांसाठीचे मानकही याच धर्तीचे आहे. पण ही चाचणी होते कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाडीची. तुम्ही दुकानातून बसवून आणलेला पाइप त्या चाचणीत नव्हता.

तो पाइप सगळ्यांच्या पुढे असतो, तो चेपत नाही, आणि सगळा जोर अरुंद पट्टीवर आणतो. मोठ्या माणसाच्या मांडीशी येणारा आडवा पाइप चार वर्षांच्या मुलाच्या छातीशी किंवा तोंडाशी येतो, कारण त्या वयाचे मूल जेमतेम एक मीटर उंच असते.

हा लेख कार, जीप, एसयूव्ही आणि लहान पिकअप यांच्यासाठी आहे. ट्रक आणि ट्रेलर यांच्या मागे व बाजूला खाली असलेल्या आडव्या संरक्षक पट्ट्या कायद्याने लागतात. लहान वाहन किंवा सायकलस्वार खाली घुसू नये म्हणून त्या असतात, त्यांना हात लावू नका. मोटारसायकलचा लेगगार्ड आणि साडीगार्ड हाही वेगळा विषय आहे.

पायरी १: गाडीसमोर बसून यादी करा

उभे राहून नव्हे, बसून. तुमचे डोळे लहान मुलाच्या उंचीवर यायला हवेत. गाडी सपाट जागी, दिवसा उजेडी उभी करा. खडू किंवा रंगीत टेप हातात घ्या आणि तीन उंचींवर पाहा: गुडघ्याच्या, कमरेच्या आणि बोनेटच्या वरच्या बाजूला.

पहिली तपासणी तळहाताची. बंपरच्या तोंडावर, जाळीवर, कोपऱ्यांवर तळहात ठेवून जोर द्या. मूळ बंपर थोडा दबतो. जिथे काहीच दबत नाही, तिथे टेप लावा. दुसरी तपासणी कडेची. संयुक्त राष्ट्रांचा गाडीच्या बाहेरच्या उंचवट्यांबाबतचा २६ क्रमांकाचा नियम आहे, त्यात बाहेर आलेल्या भागाच्या कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची हवी असे म्हटले आहे. घरी मोजायला साधी पेन्सिल पुरते. एखादी कड पेन्सिलीच्या गोलाईपेक्षा धारदार लागली, तर तिथेही टेप.

यादीत साधारण या गोष्टी येतात: बुलगार्ड, नज गार्ड (बुलगार्डचाच लहान प्रकार), बंपरच्या कोपऱ्यांवरचे स्टीलचे पाइप, गार्डवर किंवा बोनेटवर बसवलेली एलईडी पट्टी, जादा फॉगलॅम्प, स्टीलची जाळी, बोनेटवरचा धातूचा पक्षी किंवा नाव, झेंड्याची दांडी, बोनेटच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचे यंत्र), आणि ओढण्यासाठी लावलेला हुक जो काम झाल्यावर काढायचा राहून गेला आहे. हा शेवटचा हुक बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एकदा गाडी खेचून आणली की तो वर्षभर तसाच बाहेर राहतो, नेमका नडगीच्या उंचीला.

लिंबू-मिरची, तोरण, रबरी पट्टी यांनी माणसाला इजा होत नाही. दसऱ्याचा झेंडूचा हार मात्र नंबर प्लेटवर, दिव्यांवर किंवा काचेवर येत असेल तर पूजा झाल्यावर काढून मगच गाडी रस्त्यावर आणा.

> थांबा, हे काढू नका: बंपरच्या अगदी खालच्या कडेला आतून आडवी, पातळ, बहुधा प्लॅस्टिकची पट्टी असते. ती जादा वाटते, पण बऱ्याच गाड्यांत ती मुद्दाम दिलेली असते: नडगीला खालूनही आधार मिळतो, पाय गुडघ्यात आडवा कमी वाकतो. इंजिनखालचे कव्हरही मूळचेच. कंपनीचे काय आणि नंतरचे काय, हे कळत नसेल तर त्याच मॉडेलची कोरी गाडी शोरूममध्ये जाऊन खालून पाहून या.

पायरी २: आधी सुटे भाग, मग पाना

सर्वात जास्त चुका या पायरीवर होतात, कारण ही पायरीच गाळली जाते. रविवारी सकाळी गार्ड खोलला, मागे पाहतो तर बीम वाकलेला, फोम गायब, बंपरला चार भोके. सोमवारी गाडी कामावर न्यायची असते, म्हणून मिळेल ते लावून, टेप मारून वेळ मारून नेली जाते. ती तात्पुरती व्यवस्था मग वर्षानुवर्षे राहते.

कंपनीच्या स्पेअर पार्ट्स काउंटरवर चेसिस नंबर देऊन आधी या वस्तूंची किंमत आणि उपलब्धता विचारा:

- बंपरमागचा फोम
- बीमचे मूळ लांबीचे बोल्ट
- बंपरच्या क्लिपा आणि स्क्रू
- नंबर प्लेटची मूळ बैठक
- भोके मोठी असतील तर बंपरचे कव्हर

यातल्या बोल्टांवर जरा थांबतो. बुलगार्डची ब्रॅकेट बहुधा चेसिसच्या टोकाला बीमच्याच बोल्टांवर चढवलेली असतात. मध्ये जाड पट्टी आल्यामुळे दुकानदार मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट टाकतो. आता पट्टी निघाली आणि तोच लांब बोल्ट परत बसवला, तर तो आत टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण बीम मात्र आवळला जात नाही. बाहेरून काहीही कळत नाही. म्हणून मूळ लांबीचे बोल्ट आधीच घरी आणून ठेवा. नट-बोल्टच्या दुकानातला “तसाच दिसणारा” बोल्ट नको, ताकदीचा दर्जा वेगळा असू शकतो.

हत्यारे: सॉकेट पान्यांचा संच, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा; विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या वर्कशॉपमधून आणा), गंज सोडवणारा स्प्रे, प्लॅस्टिकच्या क्लिपा उचकटायची पट्टी, दोन भक्कम स्टँड, जुनी गादी किंवा जाड पोते, प्रायमर, रंग, इन्सुलेशन टेप, पांढरा मार्कर. आणि एक माणूस मदतीला. स्टीलचा मोठा गार्ड एकट्याने धरण्यासारखा नसतो.

कागदांचेही याच वेळी पाहा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्डवर, म्हणजे बुलगार्डसारख्या गार्डवर, कारवाई करायला सांगितले होते. “शोरूमनेच बसवून दिला होता” या उत्तराने मालकाची जबाबदारी संपत नाही. गार्डचे बिल असेल तर ते आणि आजचे फोटो जपून ठेवा. विमा घेताना गार्ड जादा वस्तू म्हणून लिहिला असेल, तर उतरवल्यावर कंपनीला कळवा.

पायरी ३: वीज आधी, लोखंड नंतर

गार्डवर दिवे असतील तर पहिला हात वायरिंगला. इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून बाजूला. मग निदान दहा मिनिटे काही करू नका. गाडीच्या मालक-पुस्तकात याहून जास्त वेळ लिहिला असेल तर तो पाळा. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा वेळ साठून राहते आणि पुढच्या धक्क्याचे सेन्सर अनेक गाड्यांत रेडिएटरच्या आडव्या पट्टीजवळच असतात. पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली की ती एअरबॅगची समजा. तिला ओढायचे नाही आणि तिच्यावर ठोकायचे नाही.

दिव्यांच्या वायरी जिथून घेतल्या आहेत तिथपर्यंत मागे जा. त्या बहुधा बॅटरीवरून थेट किंवा हेडलाइटच्या वायरीला सोलून घेतलेल्या असतात. मध्येच कापून टेप गुंडाळू नका. पावसात पाणी शिरते, तार उघडी पडते आणि फ्यूज नसेल तर आग लागू शकते. रिले, स्विच, वायर सगळे मुळापासून काढा. हेडलाइटच्या मूळ वायरीला जिथे सोलले असेल, तिथे नीट जोड देऊन वर गरम केल्यावर आकसणारी नळी चढवा.

> तपासा: तात्पुरती बॅटरी जोडून हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न चालतात ना पाहा. गार्ड बसवताना हॉर्न हलवलेला असतो, तो पुन्हा मूळ जागी न्यायचा आहे हे यादीत लिहा. मग निगेटिव्ह तार पुन्हा सोडवा.

पायरी ४: गार्ड खाली उतरवणे

१. हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा. जॅकवर चढवायची वेळ आली तर स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका.

२. कोणता बोल्ट काय धरतो ते ओळखा. फक्त गार्ड धरणारे बोल्ट वेगळे, आणि गार्ड व बीम दोन्ही धरणारे वेगळे. दुसऱ्या प्रकाराभोवती मार्करने गोल करा. ते सगळे एकदम सोडले तर बीम लोंबकळतो आणि रेडिएटरवर येतो.

३. गंजलेल्या बोल्टांवर स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटे सोडा. घाईने हातोडा मारला तर चेसिसच्या आत जोडलेला नट सुटून फिरायला लागतो, मग काम तिप्पट वाढते.

४. गार्डखाली गादी घाला. मदतनीस गार्ड धरून उभा. आधी खालचे बोल्ट, मग वरचे. वरचे आधी काढले तर गार्ड पुढे कलंडतो आणि धरणाऱ्याच्या पायावर पडतो.

५. दोन्ही बाजू थोड्या थोड्या सैल करत गार्ड सरळ पुढे ओढा. तिरका ओढला की बंपरचे प्लॅस्टिक फाटते.

ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवलेले असेल तर इथेच थांबा. ग्राइंडर किंवा गॅस कटर घरी चालवू नका. चेसिसची पुढची टोके धडक बसल्यावर ठरावीक पद्धतीने चेपावीत अशी घडवलेली असतात, तिथली जास्त उष्णता किंवा चुकीचा काप ती ताकद बिघडवतो. हे काम चांगल्या बॉडीशॉपचे, बॅटरीची तार सोडवून करायचे.

पायरी ५: मागे काय उरले ते पाहा

ही पायरी नीट झाली तरच बाकीच्या कष्टांना अर्थ आहे.

आमच्या गल्लीत एक जीप उभी असे. गार्ड काढलेला होता, पण ब्रॅकेटची कापलेली टोके बंपरखालून चार बोटे पुढे आलेली होती. क्रिकेटचा चेंडू गाडीखाली गेला, तो आणायला एक नऊ वर्षांचा मुलगा वाकून शिरला आणि बाहेर येताना त्याची मांडी त्या टोकावर फाटली. गाडी बंद होती, उभी होती. तेव्हापासून मी गार्ड निघाला की नाही हे विचारत नाही, ब्रॅकेट निघाले की नाही हे विचारतो.

ब्रॅकेट. दोन्ही बाजूंची पूर्ण निघाली पाहिजेत. “पुढे कधी लागले तर” म्हणून ठेवू नका. पाइप मोठा असतो, दिसतो, माणूस निदान बिचकून दूर होतो. कापलेले टोक दिसतच नाही.

बीम. बंपरचे कव्हर उतरवून बीम मोकळा करा. सरळ काठी आडवी धरून पाहा. मध्ये आत गेलेला, पिळलेला किंवा भोके पाडलेला बीम बदला, ठोकून सरळ करू नका. गार्ड असताना बसलेला लहान धक्का बाहेर दिसत नाही, कारण गार्ड तो सरळ चेसिसकडे पोचवतो. त्यामुळे बीमच्या दोन्ही टोकांचे चेपणारे डबेही पाहा. त्यांना सुरकुत्या पडल्या असतील तर त्यांचे काम एकदा होऊन गेले आहे. आतल्या माणसांसाठीही हे महत्त्वाचे आहे: धक्का कसा पोचतो यावरून एअरबॅग कधी उघडायची ते ठरते, आणि गार्डमुळे तो हिशेब बदलतो.

फोम. बीमच्या पुढे राखाडी, काळा किंवा पांढरा हलका ठोकळा असतो. पुष्कळ कारागीर त्याला थर्माकोल म्हणतात आणि पॅकिंगचा कचरा समजून टाकून देतात. गार्ड बसवताना जागा व्हावी म्हणून तो कापलेलाही मी पाहिला आहे. बंपर दुरुस्तीनंतर तर तो सर्रास परत बसवत नाहीत, कारण कव्हर त्याच्याशिवायही छान बसते. गुडघ्याला चेपायला मिळणारी जागा मुख्यतः याच ठोकळ्याची असते. तो नसेल तर पातळ प्लॅस्टिकच्या मागे थेट लोखंडी बीम, म्हणजे गार्ड काढून फारसे काही बदलले नाही. फोम तुटलेला, कापलेला, डिझेलने फुगलेला असेल तर नवा घ्या. चिकटपट्टीने जोडलेला किंवा गादीच्या दुकानातून आणलेला स्पंज चालत नाही; त्याची घनता वेगळी, तो पुरता दबून जातो. काही जुन्या गाड्यांना मुळात फोम दिलेलाच नसतो. पार्ट्स काउंटरवरच्या चित्रात तो आहे का हे बघून मगच निष्कर्ष काढा.

> तपासा: कव्हर बसवण्याआधी बीम, फोम आणि दोन्ही टोकांचा एकेक फोटो काढा. नंतर कव्हरच्या आत पाहता येत नाही. जुनी गाडी विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडून हेच फोटो मागा.

पायरी ६: बसवणे

उघड्या पडलेल्या लोखंडाचा गंज घासून काढा, प्रायमर लावा, वाळू द्या, मग रंग. बीम मूळ बोल्टांनी बसवा, सगळे आधी हाताने फिरवून घ्या, मग थोडे थोडे आलटून पालटून आवळा आणि शेवटी टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आणा. तो आकडा वर्कशॉपमध्ये विचारला की सांगतात, अंदाजाने ओढू नका. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून वॉशरवर आणि वॉशरवरून लोखंडावर पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढा. तिचा उपयोग पुढे आहे.

फोम त्याच्या खाचेत बसतो. तो उलटा बसवला तरी कव्हर लागते, म्हणून आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. कव्हरच्या सगळ्या क्लिपा भरा. एक जरी बाजू सुटी राहिली तर वेगात कव्हर फडफडते आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ओरबाडू शकते. लहान भोके प्लॅस्टिक वेल्डिंगने बुजवता येतात. भोकांवर स्टीलच्या टिकल्या किंवा पट्ट्या मारून झाकू नका.

हॉर्न मूळ जागी, रेडिएटरच्या हवेचा मार्ग मोकळा, आणि खालची पट्टी व इंजिन-कव्हर परत जागेवर.

पायरी ७: नंबर प्लेट, सेन्सर, कॅमेरा

उच्च सुरक्षा नंबर प्लेट गार्डवर बसवली असेल तर ती स्वतः काढून परत लावता येत नाही. तिची कुलपे एकदाच बसणारी असतात, काढताना तुटतात. अधिकृत केंद्राची किंवा डीलरची वेळ आधी घ्या आणि प्लेट बंपरच्या मूळ बैठकीवरच बसवून घ्या. तार, साधे स्क्रू, दुहेरी टेप यांवर चालवू नका. प्लेटचे कोपरे वाकून पुढे आलेले असतील तर तीही एक धार आहे, सरळ करून घ्या.

पार्किंग सेन्सर असतील तर बॅटरी जोडून समोर माणूस उभा करून प्रत्येक सेन्सरसमोरून त्याला चालवा. जाळीमागे किंवा लोगोमागे रडार असेल, काचेवर कॅमेरा असेल, गाडी स्वतःहून ब्रेक लावणारी असेल, तर बंपर उघडल्यावर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याचा रोख पुन्हा जुळवून घ्या. रडारसमोर स्टीलची जाळी किंवा धातूच्या कणांचे जाड रंगकाम नको, त्याने रडारला समोरचे दिसण्यात अडथळा येतो.

> तपासा: इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी वर्कशॉपला.

पायरी ८: दिव्यांचा रोख पुन्हा लावा

हे जवळजवळ कोणीच करत नाही. पुढचे जड लोखंड उतरले की गाडीचे तोंड थोडे वर उचलले जाते, आणि त्याबरोबर हेडलाइटचा झोतही वर जातो. समोरून येणारा सायकलवाला आंधळा होतो, आणि त्याच्या अंधारात रस्त्याकडेने चालणारा माणूस त्याला दिसत नाही.

टायरमध्ये योग्य हवा भरा, ड्रायव्हरच्या जागी कोणाला तरी बसवा, डॅशबोर्डवरची दिव्यांच्या लेव्हलची फिरकी शून्यावर ठेवा. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करा. दिव्याजवळ १ टक्का (झोत किती खाली झुकवायचा तो आकडा) असे छापलेले असेल तर लो-बीमची वरची कड त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून झोताचा वर चढणारा कोपरा डावीकडे हवा. तो उजवीकडे चढत असेल तर दिवे उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचे आहेत; ते बदला, रोख फिरवून भागत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ मध्ये डोळे दिपू नयेत यासाठी जागा सांगितली आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर माणसाचा डोळा. तिथे स्वतः उभे राहा, डोळा दीड मीटरवर येईल एवढे वाका, आणि लो-बीम लावायला सांगा. डोळे बारीक करावे लागले तर रोख चुकला आहे किंवा बल्ब चुकीचा आहे. हॅलोजनच्या दिव्यात कोंबलेले एलईडी बल्ब या कसोटीला बहुधा टिकत नाहीत.

पायरी ९: आतून काय दिसते

ड्रायव्हरच्या जागी नेहमीसारखे बसा. मदतनिसाने एक मीटर उंचीची काठी किंवा केरसुणी उभी धरून बंपरला टेकवावी आणि हळूहळू सरळ पुढे न्यावी. वरचे टोक दिसायला लागले की थांबायचे. तेवढ्या अंतरात चार वर्षांचे मूल तुम्हाला दिसत नाही. ते अंतर पावलांनी मोजा. हेच डाव्या कोपऱ्याशी करा. तिथे अंतर जास्त निघते. मग बोनेटवरची पट्टी, नकली हवा-खिडकी, डॅशबोर्डवरची मूर्ती किंवा खेळणी काढून पुन्हा मोजा. घरातल्या सगळ्या गाडी चालवणाऱ्यांना हे एकदा बसवून दाखवा, विशेषतः अंगणातून किंवा पार्किंगमधून गाडी काढणाऱ्यांना.

“पण गुरे आडवी येतात, त्याचे काय?”

हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. विदर्भात रात्री रोही (नीलगाय) आडवी येते, गावच्या रस्त्यावर म्हशी बसलेल्या असतात. पण लहान गार्ड मोठ्या जनावरासमोर टिकत नाही, तो वाकून रेडिएटरमध्ये जातो. मोठा गार्ड टिकला तर धक्का चेसिसला आणि आतल्या माणसांना देतो. आणि जनावर उंच असते, पाय निघाले की त्याचे धड बोनेटवरून काचेवर येते. तिथे गार्ड काहीच करत नाही. अशा रस्त्यावर उपयोगी पडतात ते बरोबर रोख असलेले स्वच्छ दिवे, स्वच्छ काच, चांगले ब्रेक आणि दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग.

“फायबरचा आहे, रबराचा आहे” म्हणून विकले जाणारे गार्डही आहेत. एकदा नखाने टोचून आणि चुंबक लावून पाहा. बहुतेकांच्या आत लोखंडी पाइपच असतो. आणि आत लोखंड नसले, तरी गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसह चाचणी करून न घेतलेली वस्तू बंपरच्या पुढे नको. ओरखड्यांची भीती असेल तर कोपऱ्यांना मऊ रबरी पट्टी चिकटवा. ओरखडा रंगाने भरून येतो.

काम झाल्यावर

उतरवलेला गार्ड भाच्याच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीला देऊ नका. भंगारवाल्याकडे तुमच्यासमोर दोन तुकडे करून द्या. विकला तर तो दुसऱ्या गाडीवर बसेल आणि हीच जोखीम दुसऱ्या गल्लीत जाईल.

५०० किलोमीटर झाल्यावर गाडीसमोर पुन्हा एकदा बसा. खाली टॉर्च मारा आणि बोल्टांवर ओढलेल्या पांढऱ्या रेघा पाहा. रेघ सरळ असेल तर बोल्ट जागेवर आहे. एखादी तुटून वाकडी झाली असेल तर तो बोल्ट बाहेर काढा, आटे तपासा, लागला तर नवा घाला, टॉर्क पान्याने आवळा आणि पुन्हा रेघ ओढा.